पाणी न प्यायलेली राहुटी

"बाई, आत जाऊन बसा अन् वर पाहा. कुठं तारे दिसतेत काय, तेवढं सांगा."

दुपारचे बारा वाजले होते. वर्ध्याला आमच्या सर्व्हेच्या गोदामापुढच्या अंगणात रूपरावजींनी एक बुटकी छोलदारी, म्हणजे लहानसा तंबू, उभी केली होती. माझ्या बायकोला, नलूला, चार महिन्यांच्या पोरीसकट तिच्यात बसवून त्यांनी दोन्हीकडचे पडदे बांधून टाकले होते. मी बाहेर घाम पुसत उभा.

"एकई नाई जी!" आतून नलू ओरडली. "निरा अंधार हाय."

"मंग ही पक्की," रूपरावजी म्हणाले आणि पडदे सोडायला लागले.

कापडाला सुईएवढं जरी भोक असलं, तरी भर उन्हात आत बसलेल्याला ते ताऱ्यासारखं दिसतं. ही रूपरावजींची परीक्षा. ते आमच्या टोळीचे खलाशी. खलाशी म्हटल्यावर समुद्र आठवू नका. सर्व्हेत तंबू ठोकणाऱ्याला खलाशी म्हणतात. या माणसाने जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. वडनेरचे राहणारे, वय बावन्न, हातात कायम लाकडी हातोडा. दिवाळी झाली की टोळीबरोबर जंगलात जायचं आणि उन्हाळा तापला की परतायचं, असं पंचवीस वर्षं चाललेलं.

मी टोळीतला सर्व्हेअर. सव्वीस वर्षांचा, डिप्लोमावाला, आणि खरं सांगायचं तर डोक्यात बरीच हवा असलेला. ही गोष्ट शहात्तर सालची. आमची कुंदा आता मॅट्रिकला बसते आहे, म्हणजे बघा.

कुटुंब कॅम्पवर न्यायची आमच्याकडे रीत नव्हती. साहेब स्वतःही नेत नसत. पण नलूने त्या वर्षी दसऱ्यापासूनच धोशा लावला होता.

"मागल्या साली दिवाळीले गेले, ते होळीले तोंड दाखवलं," ती म्हणायची. "यंदा पोरगी हाय. तिचा बाप कोन हाय, हे तिले फोटोवर दाखवू काय मी?"

मी म्हटलं, "तिथं वाघ आहेत."

"तुम्ही राह्यता नं तिथं? तुम्हाले नाई खाल्लं आजवर?"

माझ्या सासूबाईंनी रडून घेतलं, घरमालकीणबाईंनी मला चार शब्द सुनावले, तरी नलू ऐकेना. शेवटी मी साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"स्वतःच्या जिम्मेवारीवर न्या," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. पोर भिजलेलं दिसलं, की दुसऱ्या दिवशी मायलेकींना एसटीत बसवायचं. मग रडायचं नाही."

म्हणजे सगळा डोलारा एका कापडावर उभा होता. ते गळलं, की नलू आणि कुंदा परत वर्ध्याला आणि मी चार महिने एकटा. म्हणून ही परीक्षा चालली होती.

नलू बाहेर आली. केसांना ताणाचा दोर अडकलेला, पण तोंड हसरं. "बरी हाय," ती म्हणाली. "उभं राह्यता येत नाई, पन बरी हाय."

मी छोलदारीकडे पाहिलं. मूळ रंग कोणता ते ओळखू येत नव्हतं. बावीस ठिगळं मी मोजली, पुढे मोजायचं सोडून दिलं. विडीचा वास येत होता.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माहीच हाय," रूपरावजी म्हणाले. "छप्पन सालची. वीस पावसाळे... नाई, पावसाळ्यात आपन कुठं राह्यतो. पन वीस वर्षांचे सारे अवकाळी खाल्ले हिनं. आत थेंब नाई येत. तुम्ही न्या, मी दुसऱ्यात राहीन."

माणूस स्वतःचं घर काढून देत होता, आणि मला काय वाटलं? मला लाज वाटली. सासरा बघायला आला, तर त्याची पोर आणि नात या ठिगळांत बसलेली दिसणार! गोदामात त्याच महिन्यात आलेली नवी राहुटी होती. हिरवीगार, वर दुहेरी कापड, आत सहज उभं राहता यावं इतकी उंच. पितळी कड्या नुसत्या चमकत होत्या.

"ती नवी काढा," मी म्हटलं.

रूपरावजींनी ती काढली, ठोकली. नलू पुन्हा आत गेली, पुन्हा वर पाहिलं. हिच्यातही तारा नव्हता.

"बघा," मी म्हटलं. "हिच्यातही नाही."

"तारा नाई, ते खरं. पन हिनं पानी नाई पेलं अजून."

"म्हणजे?"

"नवा कपडा हाय बाबू. धागे निरे कोरडे. पानी पेलं की ते फुगतेत अन् मधातली फट बुजते. दोन-चार खेपा भिजवाव लागते, वाळवाव लागते. मंग ते पानी आडवते. तोवर ते चाळनी हाय."

"चाळणी असती तर उजेड दिसला असता की!" डिप्लोमा बोलत होता.

रूपरावजींनी वाद घातला नाही. ते हातात बादली घेऊन हौदाकडे निघाले, तेवढ्यात गोदामाचे अण्णाजी धावत बाहेर आले. अण्णाजींचा जीव गोदामातल्या प्रत्येक वस्तूत वेगवेगळा अडकलेला असायचा.

"अरे काय करून राह्यला तू? नवा माल हाय तो! रजिस्टरात 'नवी, कोरी' असं लिहून हाय. भिजवून नेली अन् डाग पडला, तं मले कोन विचारंन? मी काय सांगू, खलाश्यानं आंघोळ घातली म्हनून?"

"अण्णाजी, पावसात नेतो आपन तिले. सुक्यात ठेवाले नाई घेतली."

"पावसात भिजली तं ते कायद्यानं भिजली. तू काऊन भिजवून राह्यला?"

मी मध्ये पडलो. "राहू द्या हो रूपरावजी. थंडीचे दिवस आहेत. पाऊस कुठला येतोय?"

रूपरावजींनी बादली खाली ठेवली. नलूकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या कुंदाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तिथं गेल्यावर पाहू."

*

आमचा कॅम्प पडला हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला तुरीची शेतं, पलीकडे नाला. पहिल्याच दिवशी रूपरावजी म्हणाले, "तीन दिवस बाई माह्या छोलदारीत राहू द्या. मी नवीले पानी मारून घेतो."

पण नलू पोहोचल्या पोहोचल्या घर मांडायला बसली होती. खांबाला कुंदाची झोळी बांधली, ट्रंकेवर आरसा ठेवला, कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर लंगोट. देवाचा फोटो कुठे लावायचा यावर आमचं छोटंसं भांडणसुद्धा झालं. एवढं सगळं मांडलेलं घर पुन्हा उपसायचं, आणि तेही त्यावर पाणी ओतण्यासाठी? मी नाही म्हटलं.

मग दर रविवारी तोच प्रकार. सकाळी रूपरावजी बादली घेऊन दारात हजर.

"आज मारू काय पानी?"

एका रविवारी कुंदा नुकतीच झोपलेली. पुढच्या रविवारी नलूने ओव्या म्हणत शेवया वाळत घातलेल्या. एकदा मलाच ताप. एकदा थंडी इतकी, की पाण्याचं नावही नको वाटत होतं. रूपरावजी "बरं, पुढच्या खेपेले" म्हणायचे आणि तीच बादली साहेबांच्या तंबूपुढच्या झेंडूला घालायचे. आम्ही दोघं मागून हसायचो. नलू त्यांना 'पानीवाले बुवा' म्हणायला लागली होती, तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडत असावं.

कारण त्यांचा सगळा वेळ आमच्या दारात जायचा. लाइनवरच्या मोजणीवरून परतलं, की हातोडा खाली ठेवायच्या आधी कुंदाच्या झोळीत डोकावायचे. हात मात्र लावायचे नाहीत.

"घ्या नं तिले," नलू म्हणायची.

"नाई बाई. माहे हात राठ हायेत. दोरानं सोलून निघाले हायेत."

एकदा नलूने सरळच विचारलं, "काकूले काऊन नाई आनलं तुम्ही कधी इथं?"

मी म्हणालो, अगं, काय विचारतेस. पण रूपरावजी खाली बसले आणि विडी पेटवता पेटवता सांगून मोकळे झाले. सत्तावन्न साली त्यांना मुलगा झाला. त्यांची बायको रुख्माबाई म्हणाली होती, मले कॅम्पवर न्या, मी राहीन तुमच्यासंग, पोरगं घेऊन.

"मी म्हटलं, येडी झाली काय? तंबूत लेकरू ठेवते काय कोनी? वडनेरात कवेलूचं घर हाय, भाऊ हायेत, भावजया हायेत. तिथं राह्य. मी हुशार होतो नं." त्यांनी झुरका घेतला. "कार्तिकात गेलतो. पौषात पोरगं तापानं गेलं. आठ महिन्याचं होतं. मले पत्र भेटलं नवव्या दिवशी. मंग दुसरं लेकरू काई झालं नाई आम्हाले."

 नलूने झोळीतून कुंदाला उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं. रूपरावजींनी घाईघाईने विडी विझवली. दोन्ही हात त्यांनी पोरीच्या दोन बाजूंना जमिनीवर टेकवले, पण तिला धरलं नाही. कुंदाने त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घातलं आणि चोखत बसली.

*

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी लाइनवर होतो, कॅम्पपासून चार मैलांवर. दुपारी दोनच्या सुमाराला उत्तरेकडून आभाळ चढलं. सुरुवातीला आम्ही थट्टा केली, कोणीतरी जंगल पेटवलं म्हणून. मग वारा सुटला आणि समोरची काठीच दिसेना. मी दुर्बिणीचं यंत्र पेटीत घातलं, पेटी डोक्यावर घेतली आणि पळत सुटलो. वाटेत पावसाने गाठलं. सुपारीएवढ्या गारा पाठीवर बसत होत्या. मला त्यांचं काही नव्हतं. डोक्यात एकच घोळत होतं, 'चाळनी हाय, चाळनी हाय.' चार मैल ते एवढंच ऐकू येत होतं.

कॅम्पात शिरलो. आमची हिरवी राहुटी ताठ उभी होती. एक दोर सैल नाही, एक मेख उपटलेली नाही. मी पडदा सारून आत गेलो आणि तिथेच थांबलो.

आत पाऊस पडत होता. धारा नव्हत्या, पण सगळ्या छतातून, इंच न् इंचातून बारीक तुषार गळत होते. ट्रंक ओली, आरसा ओला, देवाचा फोटो ओला. झोळी खांबाला लोंबत होती आणि तिच्यातली दुपटी निथळत होती. झोळीत कुंदा नव्हती.

"नलू!" मी ओरडलो. असा मी आयुष्यात पुन्हा कधी ओरडलो नाही.

"इकडं! इकडं हावो आम्ही!"

आवाज बुटक्या छोलदारीतून आला. तिच्या तोंडाशी रूपरावजी उकिडवे बसले होते, पाठ पावसाकडे, डोक्यावर पोतं. वारा दारातून आत शिरत होता, म्हणून दार त्यांनी स्वतःच्या पाठीने बंद केलं होतं. त्यांची पाठ गारांनी झोडपून निघाली होती. मी त्यांच्या काखेखालून आत वाकलो.

आत उबदार होतं. विडीचा वास, धुराचा वास, दुधाचा वास. खाटेवर नलू बसलेली, मांडीवर कुंदा, कोरडी ठणठणीत. बावीस ठिगळांवर गारा तडतड वाजत होत्या आणि पोरगी वर बघून हसत होती.

"नशीब, आज कॅम्पातच होते. पयला थेंब पडला तसे आले धावत," नलू म्हणाली. "म्हने, सामान मरू द्या, लेकरू उचला. अंगातला कोट काढून पोरीवर टाकला."

 मी खाटेच्या पायाशी बसलो आणि सरळ रडायला लागलो. दाबून-बिबून नाही, लहान पोरासारखा. "रूपरावजी, तुम्ही सांगत होता. दर रविवारी सांगत होता."

"आता पेली तिनं पानी," बाहेरून रूपरावजी म्हणाले. "अजून एक-दोनदा पेली की होईल बरी."

नलूने कुंदाला खांद्यावर घेतलं आणि तिथेच घोळ झाला. छोलदारी बुटकी, पोरीचा हात वर गेला आणि तिने पंजा सपकन छताला लावला. आता, भिजलेल्या तंबूला आतून बोट लावायचं नसतं. लावलं, की तिथूनच गळायला लागतं. या एका गोष्टीवरून रूपरावजींनी एकदा साहेबांनासुद्धा झापलं होतं, सगळ्यांदेखत.  चिमुकल्या पंजाच्या जागी पाणी जमलं आणि टपटप सुरू झालं, नेमकं पोरीच्या डोक्यावर.

रूपरावजी आत सरकले. रागावले नाहीत. त्यांनी आपलं राठ बोट त्या ओल्या जागेवर टेकवलं आणि कापडावरून हळूहळू खाली ओढत नेलं, पार कडेपर्यंत. थेंब थांबला. पाणी बोटाने आखलेल्या रेघेवरून घसरत बाजूला उतरलं आणि जमिनीत गेलं.

"झालं," ते कुंदाला म्हणाले. "काई नाई झालं. घाबरू नको."

साडेचारला पाऊस ओसरला. साहेब चिखल तुडवत आले. आधी हिरवी राहुटी पाहिली, तिथलं तळं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर उद्याची एसटी स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी छोलदारीत मान घातली. कुंदा रूपरावजींच्या खाटेवर, त्यांच्याच घोंगडीत झोपली होती. साहेबांनी तिच्या तळपायाला हात लावून पाहिला. केसांना लावला.

"कोरडी आहे," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "सर्व्हेअर, तुमची राहुटी आठ दिवस रिकामी ठेवा. रूपरावांना काय करायचं ते करू द्या."

आठ दिवस रूपरावजींनी त्या राहुटीवर मनसोक्त पाणी ओतलं. नलू आणि कुंदा छोलदारीत राहिल्या आणि मी रूपरावजींबरोबर साहेबांच्या सामानाच्या तंबूत.

*

होळीच्या चार दिवस आधी रुख्माबाई आली. नलूने वडनेरला तीन पोस्टकार्डं टाकली होती, मला न विचारता. बाई एसटीतून उतरली, हातात गाठोडं. बुटकी, काळीसावळी, केस पिकलेले. पंचवीस वर्षांत नवरा राहतो कुठं, हे ती पहिल्यांदा बघत होती.

नलूने हिरव्या राहुटीत चहा केला. रुख्माबाईने कुंदाला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवर तेल घातलं, पाय चोळले, नाव विचारलं. मग म्हणाली, "याईचं राह्यनं कुठं हाय?"

आम्ही तिला छोलदारीकडे नेलं. रूपरावजी बाहेरच थांबले. कंबरेवर हात ठेवून ते उगाच आभाळाकडे बघत होते. बाई वाकून आत गेली, कुंदाला घेऊन खाटेवर बसली. सभोवार बघत राहिली. ठिगळं पाहिली. छतावर एक लहानसा डाग होता आणि तिथून निघून कडेपर्यंत गेलेली पुसट रेघ. ती तिने पाहिली, पण विचारलं नाही.

"इथं झोपता तुम्ही?" तिने आतूनच विचारलं.

"हो."

"अन् इकडं काय राहे?" तिने खाटेच्या पलीकडची मोकळी जागा हाताने दाखवली. रूपरावजींना बाहेरून दिसत नव्हतं, पण त्यांना कळलं.

"पेटी राहे माही. हातोडा, मेखा. दोर."

"पेटी," रुख्माबाई म्हणाली. तिने कुंदाला त्या मोकळ्या जागेत, जमिनीवरच्या सतरंजीवर निजवलं. मग स्वतः तिच्या शेजारी आडवी होऊन पाहिली, पाय लांब करून. दोघी मावल्या. खाटेपर्यंत अजून हातभर उरलं.

"जागा होती नं जी," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता, तर बरं झालं असतं. नलूने तोंडाला पदर लावला.

बाहेर रूपरावजींनी हातोडा उचलला आणि ते छोलदारीच्या मेखा ठोकायला लागले. एक, दोन, तीन, चारी बाजूंनी फिरून. मी पुढे होऊन एका मेखेला हात लावून पाहिलं. ती आधीच घट्ट रोवलेली होती.